सालाआधीचा एक

३ फेब्रुवारी, साल ११४
नव्या वर्षाची सुट्टी संपली. आज ऑफिस उघडलं. संकल्प लिहून ठेवतो, म्हणजे वर्षअखेरीस वाचताना छाती फुगेल.
संकल्प एकच. विभागप्रमुख व्हायचं. चान साहेब पुढच्या जानेवारीत निवृत्त होतायत आणि त्यांच्या खुर्चीत शोभेल असा माणूस विभागात एकच आहे. नाव लिहीत नाही. नम्रपणा.
दुसरा संकल्प: दुधाचा चहा अर्ध्या साखरेचा.

४ फेब्रुवारी
सकाळी ८.२९ ला बटण दाबलं. साडेआठला राजपत्र निघालं. सरकार चालू झालं. कुणी थँक यू म्हटलं? नाव नको.
चौदा वर्षं हेच चाललंय. आमच्या प्रकाशन कार्यालयातलं जुनं मशीन बसवलं तेव्हा आमचं सरकारी साल (प्रजासत्ताक झालं त्या १९१२ पासून मोजतात) ऐंशीच्या पुढे होतं. बसवणाऱ्या शहाण्यांनी सालाला दोन आकड्यांचीच जागा ठेवली. शंभर होईल तेव्हा बघू म्हणाले असतील. मग खरंच शंभर झालं आणि मशीन ‘साल ००’ छापायला लागलं. तेव्हा मी परीक्षा पास होऊन नुकताच लागलो होतो. डोक्यावर केस होते. मीच एका दुपारात तोडगा काढला: बटण दाबलं की अंकातल्या प्रत्येक सालाआधी एक लागतो. चौदाचं एकशेचौदा होतं. तात्पुरती सोय म्हणून फाइलीत नोंदवलंय.
ते बटण आपलं आपण दाबलं जावं यासाठी एक ओळ लिहायची राहिलीय. दहा मिनिटांचं काम. पण राहिली तेच बरं. बटण कुठे आहे हे ऑफिसात मला एकट्याला माहीत. ज्याच्या हाती बटण त्याच्या हाती ऑफिस. कुणालाही शिकवणार नाही.

११ फेब्रुवारी
गावाहून, हुवेईहून, आईचा फोन. आता लग्नाचं काढणार हे मी तिच्या श्वासावरून ओळखलं. म्हणून आधीच म्हणालो, आई, मी या वर्षी विभागप्रमुख होतोय. ती म्हणाली, होतोयस की झालास? मी म्हणालो, झाल्यातच जमा. तर म्हणाली थांब, गॅस बंद करून येते. परत आली तेव्हा नाक ओढत होती.
लग्नाचा विषय निघाला नाही. डोकं चालवलं की असं होतं.

१३ फेब्रुवारी
बोंबला. आई गावातल्या समुद्रदेवीच्या, माझू आईच्या, देवळात जाऊन कौल लावून आली. लाकडी कौल तीनदा टाकले, तिन्ही वेळा देवीने हो म्हटलं. मग आईने नवसच बोलला: मुलगा विभागप्रमुख झाला की देवीपुढे दिवसभर बाहुल्यांचा खेळ लावीन. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. पलीकडची टोफूवाली म्हणाली म्हणे, तुमचा यौ पोरगा लहानपणापासूनच गंभीर होता.
असो. देवीचं आणि माझं मत एकच आहे.

२० फेब्रुवारी
विज्ञाननिष्ठ माणसाने पहिलं काम कोणतं करावं? अंधश्रद्धा हटवावी. जुन्या मशीनच्या डोक्यावर खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं. कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच ‘गुणी बाळ’, म्हणून मशीननेही तसंच वागावं. मुद्रितशोधन विभागातली छ्यू-श्या ताई दर सहा महिन्यांनी जुनं काढून नवं ठेवते. पाकीट हिरवंच हवं, मुदतीतलं हवं, आणि हलवायचं नाही. साऱ्या बेटावरच्या मशीनघरांत हाच प्रकार! शिकलेली माणसं, आणि ही तऱ्हा.
दुपारी जेवण टाळलं होतं (वजन). मशीनघरात मी आणि पाकीट. उघडलं. खाल्लं. खुसखुशीत होतं. काही झालं नाही.

२१ फेब्रुवारी
मशीनघराचा एसी बंद पडला. मशीन तापून थांबलं. राजपत्र दुपारी निघालं. निव्वळ योगायोग.
छ्यू-श्या ताई आत आली, मशीनच्या डोक्याकडे बघितलं, मग माझ्या शर्टाकडे बघितलं. शर्टावर चुरा होता. ओरडली नाही. म्हणाली, खाल्लंस? भूक लागली होती तर मला सांगायचं रे, माझ्याकडे चहात उकडलेली अंडी होती.
संध्याकाळी गुपचूप नवं पाकीट आणून ठेवलं. वादविवाद टाळावेत म्हणून.

२४ फेब्रुवारी
दुकानात हिरवी संपली होती म्हणून मी लाल ठेवलं होतं. ताईने सगळ्यांसमोर काढून दाखवलं. म्हणाली, लाल पाकीट प्रेम जुळायला ठेवतात, मशीनला कशाला? ते कुणाच्या तरी प्रेमात पडेल आणि कामाला हात लावणार नाही. हे तू घरी ने, तुला गरज आहे. विभागात हशा.
घरी आणलं. फ्रीजवर ठेवलंय. उगाच वाया जायला नको.

१८ मार्च
चान साहेब म्हणाले, नवीन मशीन यायचंय, टेंडर लिहा. मला इथे कोड लिहायला मिळेल असं उगाच वाटलं होतं. आमच्याकडे इंजिनियर म्हणजे टेंडर लिहिणारा. कोड बाहेरची कंपनी लिहिते.
लिहीन. यात काही अवघड नाही.

२८ मार्च
टेंडर लिहायला बसलो. पेन्सिलीला टोक केलं. एसी जास्त होता म्हणून उठलो.

२२ एप्रिल
टेंडर लिहायला बसलो. जुनं मशीन काय काय करतं याची यादी करायची तर जुनं मशीन उघडून बघावं लागेल. शेवटी युक्ती सुचली. एकच वाक्य: ‘जुन्या मशीनमध्ये जे जे आहे ते सर्व नवीन मशीनमध्ये जसेच्या तसे असावे.’ बाकी सगळं कशाला लिहीत बसा! थोडक्यात मांडणं हीच हुशारी.
चहा पूर्ण साखरेचा घेतला. साजरा करायला काही तरी हवं.

१५ मे
आमच्या विभागात यी-जेन म्हणून आहे. फू यी-जेन. मला पाच-सहा वर्षांनी ज्युनियर, कामसू, डोळे वर करून बोलत नाही. तिला तयार करायचं ठरवलंय, कारण प्रमुख झाल्यावर हाताखाली कुणी तरी हवं.
सगळी कटकटीची कामं तिच्या गळ्यात घातली. टेंडरवाल्यांच्या मीटिंग, संचालकांना दर आठवड्याला अहवाल, वरच्या मजल्यावरची धावपळ. म्हणाली, यौ दादा, तुम्हीच का नाही जात, संचालक तुम्हाला ओळखतील तरी. बिचारी! म्हटलं, ओळख कामातून होते.
तिने बटणाबद्दलही विचारलं. म्हणालो, अनुभवाने कळेल.

१६ जून
यी-जेन आठवड्यातून तीनदा संचालकांकडे. मी निवांत. कामाची वाटणी जमली की असं हलकं वाटतं.

७ जुलै, सकाळी ६
वादळ. खिडक्या खडखडतायत. सरकारने काल संध्याकाळीच सुट्टी जाहीर केली. पण राजपत्राला सुट्टी कसली? एक कोण लावणार? निघतो.

७ जुलै, दुपार
रेनकोट फाटला. छत्री एका स्कूटरवर जाऊन बसली, ती तिथेच सोडली. ऑफिसच्या दारात पहारेकरी नूडल खात होता. म्हणाला, यौ साहेब, वादळाच्या सुट्टीत राजपत्र निघतच नाही ना? चौदा वर्षं झाली तुम्हाला.
मी म्हणालो, माहीत आहे, मशीनघरात पाणी आलंय का ते बघायला आलो.
पाणी आलं नव्हतं. माझ्या बुटातलंच होतं.

५ सप्टेंबर
भुतांच्या महिन्याची पूजा. ऑफिसच्या अंगणात टेबलं मांडली. फळं, बिस्किटं, इन्स्टंट नूडल, बिअरचे कॅन, आणि मशीनघराच्या वतीने हिरव्या पाकिटांचा डोंगर. उपाशी फिरणाऱ्या भुतांनी खाऊन पिऊन गुमान जावं, मशीनला त्रास देऊ नये. मला पटत नाही, पण उदबत्ती हातात दिली की नाही म्हणता येत नाही.
छ्यू-श्या ताई म्हणाली, नाव, पत्ता, काम मोठ्याने सांग, नाही तर त्यांना कळणार कसं कुणी वाढलंय. मी म्हणालो, यौ फंग-नियन, पानचाओ, भाड्याची खोली, होणारा विभागप्रमुख. मागे चान साहेब उभे होते हे मला कसं कळणार? ते खोकले. ताई पुटपुटली, भुतांना खोटं सांगू नये रे, ती महिनाभर इथेच असतात.
चान साहेबांचा खोकला संमतीचा वाटला.

१२ सप्टेंबर
कॉलेजातला मित्र लो, त्याने फोन केला. तो शिनचूला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात बडा माणूस आहे. त्याने मुलाखत ठरवली. मला जायचं नाहीच. पण तिथलं पत्र हातात आलं की चान साहेबांच्या टेबलावर अलगद ठेवायचं. मग बघू कशी धावाधाव होते.
१८ ला रजा टाकली. चौदा वर्षांत पहिलीच. बटणाचं लक्षात आहे. यी-जेनला कागदावर लिहून देईन.

१७ सप्टेंबर
लिहून देणार होतो. पण लिहून दिलं की गुपित फुटलं. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे? सकाळी लवकर जाऊन बटण दाबूनच स्टेशनवर जाईन.

१८ सप्टेंबर
गजर ऐकूच आला नाही. थेट शिनचू.
तीन जण होते. विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही काय लिहिलंत? मी बटणाची पूर्ण हकीकत सांगितली. रंगून सांगितली. मधली बाई म्हणाली, पण ती एक ओळ लिहिली की काम संपलं ना? मी म्हणालो, सरकारी मशीनला असा उठून हात लावता येत नाही. तिने काही तरी टिपून घेतलं. मान डोलावली. प्रभाव पडला.
चार वाजता मोबाइल सुरू केला. चान साहेबांचे फोन. यी-जेनचे फोन. ताईचा मेसेज: ‘अरे पाकीट जागेवर आहे, मग झालं काय?’

१९ सप्टेंबर
कपाळ माझं! कालच्या अंकात स्कूटर फुटपाथवर न लावण्याचा नियम होता. लागू: १ ऑक्टोबर, साल १४. साल चौदाला, म्हणजे १९२५ ला, बेटावर जपान्यांचं राज्य होतं. आजोबा जन्मले नव्हते. स्कूटर कुणी बघितली होती?
दिवसभर फोन. ताइनानचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, म्हणजे आम्ही शंभर वर्षं गुन्हेगार, मग तुरुंगात कुठल्या दाराने यायचं? तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्यांच्याशी यी-जेन बोलली. हसवून फोन ठेवायला लावला.
दुरुस्ती छापली. चान साहेबांनी मला बोलावलं नाही. रागावले असते तर बरं.
शिनचूहून पत्र नाही. टपाल हल्ली उशिरा येतं.

१४ ऑक्टोबर
चान साहेबांनी बोलावलं. चहा दिला, खुर्ची दिली. म्हणालो, साहेब, जानेवारीनंतर आपल्या जागेचं... ते म्हणाले, यौ, मी तुझाच विचार करत होतो रे. पण विभागप्रमुखाला रोज साडेआठला संचालकांकडे वर बसावं लागतं. तू वर जाऊन बसलास तर खाली एक कोण लावणार?
मी म्हणालो, शिकवतो ना कुणाला तरी. ते म्हणाले, तू एक दिवस नव्हतास तर आपण शंभर वर्षं मागे गेलो. संचालक स्वतः म्हणाले, तो यौ जागेवर असला की काळजी नसते, त्याला हलवू नका.
संचालकांनी माझं नाव घेतलं! यी-जेनने इतके अहवाल दिले, तिच्याबद्दल असं कधी म्हणाले? पण ‘हलवू नका’ हे काही ठीक नाही. यावर उपाय करावा लागेल.

२० ऑक्टोबर
आईने बाहुल्यांच्या मंडळीला जानेवारीतली सतरा तारीख दिली. म्हणाली, वसंतात माझूच्या वाढदिवसाला ती लोकं मिळत नाहीत, थंडीत मोकळी असतात. मी म्हणालो, आई, घाई कशाला, आधी होऊ दे. ती म्हणाली, तूच म्हणालास ना झाल्यातच जमा? देवीने तीन कौल दिलेत, तुला काय शंका आहे?
सगळी गल्ली येणार. काका ताइचूंगहून येणार. आईने माझ्यासाठी कोट शिवायला टाकलाय. माप कॉलेजातलं दिलंय.

२१ ऑक्टोबर
उपाय साधा आहे. ती एक ओळ लिहायची. एक आपोआप लागू लागला की माझे हात मोकळे. हात मोकळे की मी वर. इतकी वर्षं सुचलं कसं नाही!
शुक्रवारी लिहितो.

२४ ऑक्टोबर
शुक्रवार. सुट्टी निघाली. पुढच्या शुक्रवारी.

७ नोव्हेंबर
चान साहेबांना सांगावं का? विचारलं तर म्हणतील, चालतंय ना, मग हात लावू नकोस. म्हणून सांगत नाही. चमत्कार दाखवायचा, मग सांगायचं.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
लिहिली! चौदा वर्षांनी कोड लिहिला. अकरा मिनिटं लागली, दहा म्हणालो होतो. तपासून बघितलं, साल ११४ चोख. मशीनघरात एकटाच टाळ्या वाजवल्या.
आईला फोन केला. म्हणालो, आई, आता काही अडचण नाही. ती म्हणाली, आधी होती का?

१४ नोव्हेंबर, सकाळी ९
मला लिहवत नाही.

१४ नोव्हेंबर, रात्री
लिहितो. सकाळी मशीनघरात उभा होतो. ओळ काम करणार होती. ओळीने काम केलं. ८.२८ ला सगळीकडे एक लागला. मी समाधानाने पडद्याकडे बघत होतो. आणि ८.२९ ला माझा हात गेला आणि त्याने बटण दाबलं.
मी नाही दाबलं. हाताने दाबलं. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.
साल १११४. रात्रबाजारातल्या गाड्यांचे परवाने नवे करून घ्यायची मुदत, ३१ डिसेंबर, साल १११४.

१७ नोव्हेंबर
रात्रबाजाराच्या संघटनेची माणसं ऑफिसात आली. लाल फलक घेऊन, सोनेरी अक्षरांत: ‘जनतेचे कल्याण, हजार वर्षे’. सोबत रात्रबाजाराची खासियत, वाफाळलेला दुर्गंधी टोफू, पूर्ण मजल्याला पुरेल इतका. अध्यक्ष म्हणाले, आजवर इतकं मोठं मन कुठल्या साहेबाने दाखवलं नाही. चान साहेबांनी फलक घेतला, फोटोला उभे राहिले, आणि ते लोक गेल्यावर भिंतीला टेकून उभेच राहिले. मग म्हणाले, यौ, ती ओळ काढ.
काढली. नाही तरी ओळीतच दोष होता, माणसाचा हात तिने लक्षात घ्यायला हवा होता.
फलक मशीनघरात ठेवलाय, तोंड भिंतीकडे करून.

१० डिसेंबर
वार्षिक गुण. अ सगळ्यांना देता येत नाही, काही जणांना ब द्यावाच लागतो, म्हणून तो फिरता असतो. गेल्या वर्षी माझी पाळी होती. त्याआधीही होती. या वर्षी पुन्हा माझी. चान साहेब म्हणाले, आपल्या विभागातल्या लिऊच्या बायकोला मूल झालंय, तो घरी काय सांगणार? तुला घरी विचारणारं कुणी नाही, तू समजूतदार आहेस.
समजूतदार म्हणाले. नेत्याला हाच गुण लागतो.

२६ डिसेंबर
बटण दाबलं. आईचा फोन उचलला नाही.
पुन्हा उचलला नाही.
उचलला. कोट तयार आहे म्हणाली.

९ जानेवारी, साल ११५
चान साहेबांच्या निरोपाचं जेवण. गोल टेबलं. मी आधीच ठरवून संचालकांच्या टेबलापासून दुसऱ्या टेबलावर, वाटेकडे तोंड करून बसलो, म्हणजे नाव पुकारलं की उठायला बरं. भाषणाची चिठ्ठी खिशात. पहिलं वाक्य ‘मी याला पात्र नाही’ असं होतं.
मासा आला. माशानंतर संचालक उठले. विभागाची सूत्रं आता फू यी-जेन यांच्याकडे.
मी उठलोच होतो. मग उठलोच आहे तर टाळ्या वाजवल्या. माझं बघून सगळे उठले. यी-जेन रडायला लागली. माझ्याकडे येऊन म्हणाली, यौ दादा, सगळ्यात आधी तुम्ही उभे राहिलात, हे मी विसरणार नाही. तुम्ही मला वर पाठवलं नसतं तर संचालकांना माझं नावसुद्धा कळलं नसतं.
मी म्हणालो, ते मी मुद्दामच केलं. पहिल्यांदा खरं वाटावं असं खोटं बोललो.
घरी चालत आलो. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. आईला काय सांगू?

१२ जानेवारी
ठरवलंय. आज सांगतो.

१५ जानेवारी
फोनवर नको. समोर सांगतो.

१७ जानेवारी, हुवेई
कोट काखेत काचतो. बटण लागत नाही.
देवळासमोर ट्रकवर रंगमंच. त्यावर लाल कागद, हातभर अक्षरं: ‘भक्त, विभागप्रमुख यौ फंग-नियन, माझू आईच्या चरणी.’ काका कागदाखाली उभं राहून फोटो काढवून घेत होते. टोफूवाली म्हणाली, बघा, तेव्हाच म्हटलं होतं मी.
दुपारनंतर वारा सुटला आणि लोक पांगले. खेळ मात्र चालू. खेळ देवीसाठी असतो, माणसं असली नसली तरी चालतो. मी, आई, स्कूटरवर डुलक्या घेणारा एक म्हातारा, आणि कुत्री. बाहुल्यांची तलवारबाजी चालली होती, भोंगे नुसते कोकलत होते. म्हटलं, हीच वेळ. आईच्या कानाशी ओरडलो, आई, मी झालो नाही! दुसरी झाली! आई बाहुल्यांकडेच बघत होती. म्हणाली, काही ऐकू येत नाही बाबा, आधी मफलर नीट गुंडाळ.
पुन्हा ओरडायचा धीर झाला नाही.

१८ जानेवारी, परतीच्या गाडीत
निघताना आईने मोठा खोका हातात दिला. म्हटलं, मक्याची कणसं असतील. उघडलं तर हिरवी पाकिटं. भरगच्च.
मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, तुमच्या ऑफिसातल्या छ्यू-श्या बाईंचा फोन येऊन गेला, दहा तारखेलाच. म्हणाल्या, तो स्वतः सांगेपर्यंत तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका, आणि त्याच्या मशीनला हिरवीच लागतात, लाल देऊ नका.
मी म्हणालो, मग तो लाल कागद कशाला लावलास? म्हणाली, लिहून घेतला होता, वाया कशाला घालवू? आणि देवीला मी काल सगळं सांगितलंय. म्हटलं, बाई, तुझे तीन कौल चुकले, मग माणसाचं काय घेऊन बसलीस. प्रमुख राहू दे. पोराची आहे ती जागा तेवढी कुणी काढून घेऊ नये, एवढं बघ.
मग बस आली. खोका मांडीवर आहे. शेजारचा माणूस बघतोय. डोळ्यात काही गेलंय म्हणून त्याला सांगितलं.

२ फेब्रुवारी
नवीन मशीन आलं! चकचकीत. माझा मार्ग पुन्हा मोकळा. यी-जेन दोन वर्षांत बदलून वर जाईल, मग तिची जागा. कंपनीच्या इंजिनियरला म्हटलं, आता सालाला तीन आकडे, नाही का? तो म्हणाला, नाही, दोनच. टेंडरमध्ये लिहिलंय ना, जुन्यात जे जे आहे ते जसंच्या तसं. आम्ही बटणसुद्धा ठेवलंय. कुणी लिहिलंय ते टेंडर, फार स्पष्ट होतं.

३ फेब्रुवारी
यी-जेनने बोलावलं. विभागप्रमुख मॅडम म्हणायची सवय करतोय. म्हणाली, यौ दादा, संचालकांचं म्हणणं आहे की तुमचं टेबल मशीनघरातच हलवावं. तुम्ही जवळ असलात की मशीन नीट चालतं, असं सगळ्यांना वाटतं. तुम्हाला चालेल ना?
स्वतंत्र खोली! या मजल्यावर स्वतंत्र खोली फक्त संचालकांना आहे. आईला लगेच कळवलं. दारावर पाटी मागितलीय.

४ फेब्रुवारी
खोली लावून झाली. थंडी आहे, कोट उपयोगी पडतो. रात्रबाजाराचा फलक सरळ करून लावला. टेबल नव्या मशीनला अगदी चिकटून.
छ्यू-श्या ताई आईच्या खोक्यातलं एक पाकीट घेऊन आली. मशीनच्या डोक्यावर नीट मध्ये ठेवलं. हात जोडले. मग बोट उगारून म्हणाली, हलायचं नाही, कुणी हलवायचं नाही, मुदत संपेपर्यंत इथेच.
मी म्हणालो, ताई, पाकिटाला सांगतेयस ना?
ताई म्हणाली, दोघांनाही.
८.२९ झाले होते. बटण दाबलं. मग पूर्ण साखरेचा चहा मागवला.